समजेची परीक्षा घ्या, खिशाची नको

न्यू जर्सीत राहणारा मराठी माणूस आज फोनवरून भारतीय शेअर बाजारावर दुप्पट पैज लावू शकतो. डायरेक्शन या अमेरिकी कंपनीचा एक फंड तिथल्या बाजारात नोंदलेला आहे. एमएससीआय इंडिया निर्देशांकावर आधारलेल्या साधनांची त्या दिवसाची हालचाल गुणिले दोन देणे, एवढेच त्याचे काम. मार्च २०२० पर्यंत तो तिपटीचा होता. कोरोनाच्या पडझडीत कंपनीने तो दुपटीवर आणला. डोंबिवलीत राहणाऱ्या त्याच्या भावाला मुंबईच्या बाजारात असा फंड मिळत नाही, कारण असा फंड काढण्याचीच इथे परवानगी नाही. तोच भाऊ मंगळवारी दुपारी, निफ्टीच्या साप्ताहिक करारांची मुदत संपायला तासभर उरलेला असताना, दहा-बारा रुपयांचा कॉल ऑप्शन, म्हणजे निफ्टी चढण्यावर पैज लावणारा करार, घेऊ शकतो आणि साडेतीनपर्यंत लावलेला पैसा पूर्ण गमावू शकतो. त्याला कोणी अडवत नाही.

ही रचना उलटी आहे. सामान्य गुंतवणूकदाराला दुप्पट चालणाऱ्या आणि बाजाराच्या उलट चालणाऱ्या फंडांत, म्हणजे लिव्हरेज्ड आणि इन्व्हर्स फंडांत, व्यवहार करण्याचे स्वातंत्र्य असावे असे माझे ठाम मत आहे. त्या स्वातंत्र्याला अट हवी, हे मतही तितकेच ठाम आहे. पण ती अट समजेची असावी. कोणाच्या खात्यात किती लाख आहेत, यावर ती बेतलेली नसावी.

आधी हा फंड चालतो कसा ते नीट पाहू, कारण सगळा वाद त्यावरच उभा आहे. समजा फंडाकडे लोकांचे १०० कोटी रुपये आहेत. दुप्पट चाल मिळावी म्हणून तो २०० कोटींचे निफ्टी फ्युचर्स, म्हणजे पुढच्या तारखेला आज ठरलेल्या भावाने व्यवहार करण्याचे करार, घेतो. फ्युचर्सना पूर्ण रक्कम लागत नाही, थोडी अनामत, म्हणजे मार्जिन, पुरते. उरलेला पैसा सरकारी हुंड्यांत व्याजावर राहतो. आज निफ्टी ५ टक्के चढला. २०० कोटींवर १० कोटींचा फायदा झाला, फंडाची मालमत्ता ११० कोटी झाली. हातातल्या फ्युचर्सची किंमत २१० कोटी आहे, पण ११० ची दुप्पट २२० होते. म्हणून बाजार बंद होण्याच्या सुमारास फंडाला आणखी १० कोटींचे फ्युचर्स घ्यावे लागतात. निफ्टी ५ टक्के पडला असता तर मालमत्ता ९० कोटी आणि फ्युचर्स १९० कोटी झाले असते. मग १० कोटींचे विकावे लागले असते. म्हणजे चढल्यावर घ्यायचे आणि पडल्यावर विकायचे, ही फेरजुळणी रोज संध्याकाळी करायची. ‘दुप्पट’ हा शब्द फक्त एका दिवसापुरता खरा असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी गणित नव्या रकमेवर सुरू होते.

याचा परिणाम आपल्याच बाजारातल्या तीन दिवसांवर तपासता येतो. लोकसभा निकालाच्या आठवड्यात, ३ जून २०२४ ला निफ्टी ३.२५ टक्के चढला, ४ जूनला ५.९३ टक्के कोसळला आणि ५ जूनला ३.३६ टक्के सावरला. तीन दिवस मिळून निर्देशांक सुमारे ०.४ टक्के वर राहिला. दुप्पट फंड असता तर तो ०.८ टक्के वर असायला हवा, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात गणित १.०६५ गुणिले ०.८८१४ गुणिले १.०६७२ असे होते आणि हाती जेमतेम ०.२ टक्के उरतात. उलट्या फंडाचे काय? निर्देशांक ०.४ टक्के वाढला म्हणून त्याला ०.४ टक्के तोटा व्हावा. होतो जवळपास १ टक्का. बाजार तिथल्या तिथे हिंदकळला की सरळ आणि उलटा दोन्ही फंड झिजतात. ढोबळ हिशेब असा की दुप्पट फंडाची आणि एकपट उलट्या फंडाची वर्षाची झीज ही निर्देशांकाच्या वार्षिक चढउताराच्या वर्गाएवढी असते. चढउतार १५ टक्के असेल तर झीज ०.१५ गुणिले ०.१५, म्हणजे सव्वादोन टक्के. ३० टक्के असेल तर ९ टक्के. तिप्पट फंडाला ती याच्या तिप्पट, म्हणजे ३० टक्के चढउताराला तब्बल २७ टक्के पडते.

इथे अनेक जाणकारही एक चूक करतात. झीज अटळ आहे, म्हणून हे फंड शून्याकडेच जातात, असे ते सांगतात. तसे नाही. निर्देशांक सलग दोन दिवस १० टक्के चढला तर तो २१ टक्के वर जातो आणि दुप्पट फंड ४४ टक्के, म्हणजे दुपटीहून जास्त. सलग दोन दिवस १० टक्के पडला तर निर्देशांकाचा तोटा १९ टक्के आणि फंडाचा ३६ टक्के, म्हणजे दुपटीहून कमी. बाजार एका दिशेने चालला तर रोजची फेरजुळणी फायद्याची ठरते, हिंदकळला तर तोट्याची. ज्याला हे कळते तो हा फंड कधी घ्यायचा आणि कधी सोडायचा हे स्वतः ठरवू शकतो. ज्याला कळत नाही त्याने वर्षभर धरून ठेवला तर त्याची फसगत होते. या दोघांत फरक करणे हे नियमाचे खरे काम आहे.

भारतात आणखी एक खर्च जोडायला हवा, तो व्याजाचा. फ्युचर्सच्या भावात व्याज मिसळलेले असते. दुपटीसाठी घेतलेल्या जादा एका पटीवर वर्षाला सुमारे ७ टक्के पडले, असे धरू. निफ्टीने लाभांशासह १२ टक्के दिले तर दुपटीचे २४. त्यातून व्याजाचे ७, झिजेचे सव्वादोन आणि फंडाच्या खर्चाचा १ टक्का वजा करा. राहतात पावणेचौदा. म्हणजे दुप्पट पडझड सोसून वर्षाकाठी पावणेदोन टक्के जास्त. दहा-पंधरा वर्षांच्या एसआयपीसाठी हा फंड निकामी आहे, हे मी कुठलाही आडपडदा न ठेवता सांगेन. अमेरिकेत नॅस्डॅक-१०० च्या तिप्पट फंडाने २०२२ मध्ये काय दाखवले तेही विसरू नये: निर्देशांक सुमारे ३३ टक्के पडला, फंड ७९ टक्के. ७९ टक्के गमावलेल्याला मूळ जागी यायला पावणेपाच पट व्हावे लागते.

मग असले साधन हवेच कशाला? कारण लोक कर्ज काढून किंवा मंदीच्या बाजूने व्यवहार करणारच आहेत, आणि आज त्यांच्यासाठी उघड्या असलेल्या वाटा याहून वाईट आहेत.

आकडे सेबीचेच, म्हणजे बाजाराच्या नियामकाचेच, आहेत. आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला; एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर, माणशी सरासरी दोन लाखांच्या आसपास. त्यातले सुमारे ५० हजार कोटी तर नुसते दलाली, कर आणि शुल्कांत गेले. २०२५ च्या वर्षात तोट्यात गेलेल्यांचे प्रमाण ९१ टक्के होते आणि निव्वळ तोटा १,०५,६०३ कोटी. २०२४ च्या वर्षातल्या व्यापाऱ्यांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक लोकांनी आपले वार्षिक उत्पन्न पाच लाखांपेक्षा कमी असल्याचे सांगितले होते. ही माणसे ज्यांच्याशी व्यवहार करत होती त्या परदेशी संस्थांचा आणि स्वतःच्या पैशाने खेळणाऱ्या दलाल पेढ्यांचा ९५ टक्क्यांहून जास्त नफा संगणकी प्रणालींनी कमावलेला होता.

एका बाजूला हे चित्र आणि दुसऱ्या बाजूला म्युच्युअल फंडांचा नियम: समभाग, रोखे, डेरिव्हेटिव्ह (फ्युचर्स-ऑप्शन्ससारखे करार) मिळून योजनेची एकूण गुंतवणूक निव्वळ मालमत्तेच्या १०० टक्क्यांवर जाऊ नये. दुप्पट फंडाचा मार्ग तिथेच संपतो. नॅशनल स्टॉक एक्स्चेंज निफ्टी ५० चा दुप्पट निर्देशांक आणि एकपट उलटा निर्देशांक कित्येक वर्षे प्रसिद्ध करते. मोजमाप तयार आहे, त्यावर फंड काढता येत नाही.

धोक्याची तुलना करा. दुप्पट फंड एका दिवसात शून्य व्हायला निफ्टीला एका दिवसात ५० टक्के पडावे लागेल. आपल्याकडे निर्देशांकाला १०, १५ आणि २० टक्क्यांवर सर्किट, म्हणजे व्यवहार थांबवण्याची मर्यादा, आहे. २० टक्के पडला की त्या दिवसापुरता बाजार बंद होतो. २३ मार्च २०२० ला निफ्टी १३ टक्क्यांच्या जवळ पडला, त्या दिवशी दुप्पट फंडाचा तोटा २६ टक्के झाला असता. भयंकर, पण सोसता येण्याजोगा. शंभरातले ७४ रुपये हाती राहिले असते. फ्युचर्समध्ये कराराच्या किमतीच्या साधारण एक अष्टमांश मार्जिन भरून व्यवहार होतो, म्हणजे आठपट. तिथे १३ टक्क्यांची घसरण मार्जिन गिळून वर दलालाचे देणे करून जाते. फंडात मार्जिनची मागणी येत नाही, रात्री दलालाचा फोन येत नाही, तोटा लावलेल्या पैशांपुढे जाऊ शकत नाही. ऑप्शन विकत घेणाऱ्याचाही तोटा प्रीमियमपुरताच असतो हे खरे. पण त्याच्याविरुद्ध घड्याळ चालू असते. दिशा बरोबर ओळखूनही वेळ चुकली म्हणून तो पूर्ण पैसा गमावतो. फंडाला मुदत नसते. शिवाय फ्युचर्स-ऑप्शन्सचा नफा-तोटा धंद्याचे उत्पन्न धरला जातो, त्यासाठी सहसा आयटीआर-३ हे विवरणपत्र भरावे लागते. नोकरदार माणूस दोन-चार व्यवहार करून बसतो आणि जुलैत सीए शोधत फिरतो.

उलट्या फंडाची बाजू तर याहून बळकट आहे. समजा एखाद्याचे पाच लाख करबचतीच्या ईएलएसएस योजनेत आहेत. तीन वर्षे ते काढता येत नाहीत.  बाजार महाग झाला असे त्याला वाटते आणि त्यातल्या निम्म्या रकमेला संरक्षण हवे आहे. तो काय करील? सेबीने ऑक्टोबर २०२४ मध्ये निर्देशांक करारांचा किमान आकार ५ लाखांवरून १५ लाखांवर नेला. तेव्हा निफ्टीचा लॉट, म्हणजे एका करारातली नगांची संख्या, २५ वरून ७५ झाला. २४,००० च्या निर्देशांकावर एक लॉट म्हणजे १८ लाख. लॉटचा आकडा पुढे थोडा बदलला, १५ लाखांची किमान मर्यादा तशीच आहे. अडीच लाखांचे संरक्षण हवे असलेल्याला अठरा लाखांचा पुट (बाजार पडण्यावर पैज लावणारा ऑप्शन) किंवा फ्युचर घ्यायला लावणे म्हणजे संरक्षणाच्या नावाखाली सट्टा करायला लावणे. आकार वाढवण्यामागे छोट्या सट्टेबाजाला बाहेर ठेवण्याचा हेतू होता. बाहेर मात्र छोटा सावध माणूसही गेला. एकपट उलट्या फंडाचे अडीच लाखांचे युनिट त्याचे काम नेमके करतील.

‘नेमके’ म्हणताना एक पथ्य सांगायला हवे, कारण इथेच गफलत होते. निर्देशांक १० टक्के चढला तर त्याचे पाच लाख साडेपाच होतील आणि अडीच लाखांचे उलटे युनिट सव्वादोन लाखांवर येतील. संरक्षण ५० टक्क्यांवरून ४१ टक्क्यांवर आले. म्हणजे त्याने महिन्यातून एकदा, किंवा निर्देशांक ५ टक्के हलल्यावर, प्रमाण पुन्हा जुळवायला हवे. न जुळवता वर्षभर ठेवून दिले तर संरक्षण भलतीकडेच जाईल.

अमेरिकेत हाच वाद गेली पंधराहून अधिक वर्षे चालू आहे आणि त्यातून शिकण्यासारखे बरेच आहे. तिथे शेअर बाजारात नोंदलेले पहिले दुप्पट फंड २००६ मध्ये आले, तिप्पट २००८ च्या नोव्हेंबरात. २००९ च्या जूनमध्ये फिनरा या दलालांच्या स्वनियमन संस्थेने बजावले की एका दिवसाहून जास्त काळ धरून ठेवणाऱ्या सामान्य गुंतवणूकदारासाठी हे फंड सहसा योग्य नाहीत. त्याच वर्षी मार्जिनचे नियमही पटीच्या प्रमाणात कडक झाले: उधारीवर दुप्पट फंड ठेवायचा तर किमान ५० टक्के पैसे आपले, तिप्पट ठेवायचा तर ७५ टक्के. हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो, कारण तो माणसाला अडवत नाही; पटीवर पट चढवण्याला अडवतो. २०१२ मध्ये चार मोठ्या दलाल कंपन्यांना, हे फंड ग्राहकांच्या गळ्यात पुरेशी देखरेख न ठेवता घातल्याबद्दल, दंड आणि भरपाई मिळून ९१ लाख डॉलर भरावे लागले. त्या प्रकरणांत दोष विकणाऱ्यांचा होता. स्वतः समजून घेणाऱ्याचा आणि सल्लागाराच्या शब्दावर घेणाऱ्याचा प्रश्न वेगळा आहे, हे त्यातून स्पष्ट व्हायला हवे होते.

तरी नोव्हेंबर २०१९ मध्ये तिथल्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने प्रस्ताव आणला की ग्राहकाचे उत्पन्न, संपत्ती, अनुभव, उद्दिष्ट अशी माहिती घेऊन दलालाने त्याला मंजुरी द्यावी, मगच हे फंड विकावेत. सामान्य गुंतवणूकदारांनी हजारो पत्रे लिहून विरोध केला. ऑक्टोबर २०२० मध्ये आयोगाने तो भाग सोडून दिला आणि मर्यादा ग्राहकाऐवजी फंडावर घातली: नव्या फंडाची जोखीम मूळ निर्देशांकाच्या २०० टक्क्यांवर जाऊ नये, आधीपासून चालू असलेले तिप्पट फंड तेवढे राहू द्यावेत. मार्च २०२२ मध्ये फिनराने २२-०८ क्रमांकाच्या सूचनेद्वारे तो विषय पुन्हा उघडला. ऑप्शनसाठी लागते तशी खात्याला आधी मंजुरी लागावी काय, गुंतवणूकदाराची समज तपासावी काय, अशी विचारणा केली. पुन्हा हजारो पत्रे. त्यांचा सूर असा की सार्वजनिक बाजारातली साधने सर्वांना खुली हवीत, मूठभरांना नव्हे. आणि आपल्याच पैशांसाठी आपली परीक्षा कोणी घेऊ नये.

त्या पत्रलेखकांचे पहिले म्हणणे मला पूर्ण पटते. संपत्ती हे समजेचे माप नाही. वडिलोपार्जित दोन कोटी असलेल्याला वरचा १.०६५ गुणिले ०.८८१४ चा हिशेब येतोच असे नाही, आणि महिना तीस हजार मिळवणारा गणिताचा शिक्षक तो तोंडी करू शकतो. आपल्याकडे सेबीने १ एप्रिल २०२५ पासून स्पेशलाइज्ड इन्व्हेस्टमेंट फंड हा नवा प्रकार सुरू केला. त्यात मालमत्तेच्या २५ टक्क्यांपर्यंत उघडी, म्हणजे दुसऱ्या गुंतवणुकीने न झाकलेली, मंदीची बाजू घेता येते, पण आत शिरायला किमान दहा लाख लागतात. दहा लाखवाल्याला पडत्या बाजारापासून बचाव करण्याचे साधन आणि दहा हजारवाल्याला मंगळवारचा ऑप्शन, अशी ही वाटणी झाली. ती अन्यायाची आहे. दक्षिण कोरियाने २०२० मध्ये दोन्ही अटी घातल्या होत्या: ऑनलाइन शिकवणी, आणि खात्यात १ कोटी वॉन अनामत, म्हणजे साधारण सहा लाख रुपये. तिथले छोटे गुंतवणूकदार अमेरिकेतले तिप्पट फंड घेऊ लागले, तिथे ती अनामत लागत नव्हती. शेवटी परदेशी फंडांसाठीही शिकवणी लागू करावी लागली.

पत्रलेखकांचे दुसरे म्हणणे, की परीक्षाच नको, मला मान्य नाही. गाडी चालवण्याचा परवाना देताना आरटीओ बँकेचे पासबुक मागत नाही, आठचा आकडा काढून दाखवायला सांगते. त्यात कोणी अपमान मानत नाही. दुप्पट फंडाचा धोका एकाच गोष्टीत दडलेला आहे, रोजच्या फेरजुळणीत. आणि ती गोष्ट कागद-पेन्सिलीने अर्ध्या तासात शिकता येते. शिकता येण्याजोग्या धोक्याला बंदी हे उत्तर असू शकत नाही, आणि नुसता इशाराही पुरत नाही. जुलै २०२३ पासून आपल्याकडचे प्रत्येक दलाल ॲप ग्राहकाला दाखवते की दहापैकी नऊ जणांना फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये तोटा होतो. माणूस ते बोटाने सरकवतो आणि पुढे जातो. त्यानंतरच्या, २०२५ च्या वर्षाचा तोट्याचा आकडा वर दिलाच आहे.

या फंडांविरुद्धचा सर्वांत गंभीर आक्षेप गुंतवणूकदाराबद्दलचा नाही, बाजाराबद्दलचा आहे, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. वरचे १०० कोटींचे उदाहरण पुन्हा घ्या. निफ्टी ५ टक्के चढल्यावर दुप्पट फंडाने १० कोटींचे घेतले. १०० कोटींच्या एकपट उलट्या फंडाने काय केले? त्याची मालमत्ता ९५ कोटी झाली, विकलेले फ्युचर्स १०५ कोटींचे झाले, म्हणून त्यानेही १० कोटींचे परत घेतले. सरळ आणि उलटा दोघेही एकाच दिशेने, एकाच वेळी, चढत्या बाजारात खरेदी करतात. एकमेकांना छेद देत नाहीत. तिप्पट फंडाला त्याच दिवशी ३० कोटींची खरेदी करावी लागते आणि उलट्या तिप्पटला ६० कोटींची. पट वाढते तसा हा धक्का दामदुपटीने वाढतो. आणि तो केव्हा येणार हे सगळ्यांना आधीच माहीत असते.

५ फेब्रुवारी २०१८ ला अमेरिकेत याचेच टोक दिसले. क्रेडिट स्वीसचे एक्सआयव्ही नावाचे साधन व्हिक्स या अस्थिरतेच्या निर्देशांकाच्या फ्युचर्सविरुद्ध एकपट उलटे चालायचे, त्यात १९० कोटी डॉलरच्या आसपास रक्कम होती. त्या दिवशी एस अँड पी ५०० हा अमेरिकी शेअर निर्देशांक फक्त ४ टक्के पडला, पण व्हिक्स १७ वरून ३७ वर गेला. बंद होण्याच्या वेळी अशा साधनांना प्रचंड खरेदी करावी लागली, त्या खरेदीने भाव आणखी उसळला, आणि ९९ डॉलरच्या एक्सआयव्हीचे हिशेबी मूल्य संध्याकाळपर्यंत पाच डॉलरच्या खाली गेले. महिना संपायच्या आत ते बंद झाले. एकपट उलटे म्हणजे सुरक्षित, असे समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे: प्रश्न पटीइतकाच, कशावर पैज आहे याचाही असतो. व्हिक्स एका दिवसात दुप्पट होऊ शकतो, निफ्टी होऊ शकत नाही. एका कंपनीचा शेअरही असाच. ऑक्टोबर २०२५ मध्ये ओपनएआयशी झालेल्या कराराच्या बातमीवर चिप बनवणाऱ्या एएमडीचा शेअर त्या दिवशी एका टप्प्यावर तिसऱ्या हिश्श्याहून जास्त उसळला आणि लंडनमध्ये नोंदलेले त्याविरुद्धचे तिप्पट साधन संपले.

म्हणून मी सरसकट मोकळीक मागत नाही. भारतात सुरुवात करायची तर फक्त निफ्टी ५० आणि सेन्सेक्सवर करावी, आणि दोनच प्रकार द्यावेत: सरळ दुप्पट आणि उलटा एकपट. एकेका शेअरवर, बँक निफ्टीवर किंवा व्हिक्सवर असा फंड नको. तिप्पट नको, उलटा दुप्पटही नको, कारण त्याची फेरजुळणी तिप्पट फंडाएवढीच, ३० कोटींची, होते. सर्व फंड मिळून, निफ्टी ५ टक्के हलल्यास जी फेरजुळणी करावी लागेल, ती शेवटच्या अर्ध्या तासातल्या फ्युचर्सच्या सरासरी उलाढालीच्या ठरावीक लहान हिश्श्यात बसावी. मर्यादा गाठली की नवे युनिट देणे थांबवावे. समजा मिळून १,००० कोटी जमले तर ५ टक्क्यांच्या दिवशी १०० कोटींची खरेदी किंवा विक्री लागेल. हजारो कोटींची रोजची उलाढाल असलेल्या निफ्टी फ्युचर्सना ती जड नाही, पण दहा-वीस हजार कोटी जमू दिले तर होईल. जुलै २०२५ मध्ये सेबीने जेन स्ट्रीट या अमेरिकी व्यापारी कंपनीवर मुदत संपण्याच्या दिवशी निर्देशांक हलवल्याचा आरोप ठेवून ४,८४३ कोटी रुपये अडकवले. कंपनीने आरोप नाकारला आहे. त्या प्रकरणाचा निकाल काहीही लागो, ठरलेल्या वेळी ठरलेल्या दिशेने होणारा मोठा व्यवहार शिकाऱ्यांना बोलावतो, हे गृहीत धरूनच नियम करायला हवा.

फंड वितरकाने विकू नये, त्यावर दलाली नसावी. ज्याला हवा त्याने स्वतः बाजारात घ्यावा. युनिट तारण ठेवून उधारी मिळू नये. आणि ॲपवर त्या फंडाच्या नावासमोर रोज दोन आकडे दिसावेत: तुम्ही घेतल्यापासून निर्देशांकाच्या बदलाची दुप्पट किती, आणि तुमच्या हाती प्रत्यक्षात किती आले. झीज म्हणजे काय हे शिकवणारे याहून चांगले पुस्तक नाही.

परीक्षेसाठी नवे खाते उभे करावे लागणार नाही. सेबीचीच एनआयएसएम ही संस्था रायगडमध्ये पाताळगंगेला आहे आणि म्युच्युअल फंड वितरकांपासून डेरिव्हेटिव्हच्या व्यापाऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या परीक्षा घेते. तिने दहा प्रश्नांची, मराठीसह सर्व प्रमुख भाषांतली, फुकट ऑनलाइन चाचणी काढावी. व्याख्या विचारू नयेत, आकडेमोड करायला लावावी. नापास झालेल्याला आठवड्याने पुन्हा बसता यावे, कितीही वेळा. पास झाल्याची नोंद पॅनला जोडावी, म्हणजे दलाल बदलला तरी ती सोबत येईल. उत्पन्नाचा दाखला मागू नये.

पहिला प्रश्न असा असावा: तुम्ही दुप्पट फंडात १,००,००० रुपये घातले, निफ्टी आज ५ टक्के चढला आणि उद्या ५ टक्के उतरला, तुमच्याकडे किती राहिले? उत्तर ९९,००० आहे. दुसरा प्रश्न: त्याच दोन दिवसांत उलट्या फंडातल्या १,००,००० चे किती झाले? ९९,७५०. ज्याला ही दोन उत्तरे स्वतःच्या हाताने काढता येतात, त्याला त्याच्याच पैशांनी हा फंड घेण्यापासून कोणत्या कारणाने अडवायचे आणि त्याच वेळी मंगळवारचा ऑप्शन त्याला कोणत्या कारणाने मोकळा ठेवायचा, हे सेबीने लेखी सांगावे.